मुंबईला न जाता विधेयकावर सूचना कशी पाठवायची?

प्रश्न
मी मेळघाटात आश्रमशाळेवर शिक्षिका आहे. विधान भवन गाठायचं तर रात्रभराचा रेल्वेप्रवास आणि दोन रजा. दोन्ही सभागृहांच्या आमदारांची संयुक्त समिती एखाद्या विधेयकावर लोकांकडून सूचना मागवते, तेव्हा इथूनच लिहून पाठवलं तर चालतं का? आणि लिहायचं कसं?

उत्तर
ताई, नक्की लिहा. टपालानं किंवा ईमेलनं पाठवता येतं, पत्ता आणि मुदत जाहीर सूचनेत असते.

मी तालुका कोर्टात वकिली करतो. राज्याच्या जनसुरक्षा विधेयकावर (कडव्या डाव्या संघटनांना आवर घालण्यासाठी आणलेलं) १ एप्रिल २०२५ पर्यंत सूचना मागवल्या होत्या. माझा पहिला मसुदा दोन पानांचा, नुसता संताप. रात्री परत वाचला तर समितीला उचलून घेता येईल असं एक वाक्य त्यात नव्हतं. फाडला. मग प्रत्येक मुद्द्याला चारच ओळी ठेवल्या: कलम क्रमांक, आत्ताचे शब्द, त्याऐवजी हवे ते शब्द, कारण. कारण मात्र स्वतः पाहिलेलं. तुम्ही वर्गात जे बघता ते मुंबईत बसून कुणाला दिसत नाही, तेच लिहा.

साडेबारा हजारांवर सूचना आल्या होत्या. या कायद्याखालच्या गुन्ह्यांचा तपास पोलीस उपनिरीक्षकाकडे न देता उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे द्यावा, हे मी मागितलं होतं. तो बदल झाला. माझ्या पत्रामुळे झाला असं म्हणणार नाही, अनेकांनी तेच लिहिलं असणार. ‘बेकायदेशीर कृत्या’ची व्याख्या आवळा, हेही लिहिलं होतं. ती सैलच राहिली आणि जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झालं. ते अजून सलतं. तरी पुढच्या वेळी पुन्हा लिहिणार.

प्रश्नकर्ती
आणि विधेयक समितीकडे गेलंच नाही तर?

दुसरं उत्तर
बहुतेक वेळा जातच नाही, अधिवेशनात मांडलं की काही दिवसांत मंजूर. मग आपल्या आमदाराला गाठायचं. कलमवार चर्चेत तो सुधारणा मांडू शकतो, म्हणून त्याला सुधारणेची तयार वाक्यरचनाच पाठवा, फोन करून मिळाली का विचारा. विधेयकाची मराठी प्रत विधिमंडळाच्या संकेतस्थळावर मिळते.

पहिला उत्तरदाता
शिवाय कायदा झाल्यावर नियम होतात. नियमांचा मसुदा राजपत्रात ‘हरकती व सूचना’ मागवून निघाला तर तीही संधी सोडू नका. अर्ज कुठे करायचा, मुदत किती, हे सगळं तिथेच ठरतं.

प्रश्नकर्ती
दादा, चार ओळींचा नमुना वहीत उतरवून घेतला. आज शाळा सुटल्यावर बाकीच्या शिक्षकांनाही बसवते.