फिंगरप्रिंट बरोबर, तरी प्रोग्राम म्हणतो ‘की सापडली नाही’

पगारपत्रकवाला:
ऑफिसात पगाराच्या फाइली जीपीजीने (फाइली कुलूपबंद करणारा प्रोग्राम) एन्क्रिप्ट करून पाठवायला मी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिलाय. ज्याला पाठवायचं त्याच्या कीचा, म्हणजे डिजिटल किल्लीचा, फिंगरप्रिंट (ओळखीचा ४० अक्षरी हेक्स आकडा, ० ते ९ आणि ए ते एफ) चिकटवायचा. मी मधल्या स्पेस काढतो, इंटमध्ये (साध्या पूर्णांकात) बदलतो, परत हेक्स करून कीरिंगमधल्या (साठवलेल्या कींच्या) यादीशी ताडतो. ३८ जणांचं चालतं, दोघांचं नाही. त्यातल्या एक अकाउंट्सच्या काकू. त्यांनी ४० च्या ४० अक्षरं फोनवर दोनदा वाचून दाखवली, सगळी जुळली. आता म्हणतात, “तुझ्या मशीनला माझा अंगठाच पटत नाही.” काय चुकतंय? आणि काहींना शेवटची ८ अक्षरंच टाकायचीत, चालू द्यावं का?

गंजलेली किल्ली:
काकूंचा फिंगरप्रिंट शून्याने सुरू होतो का?

पगारपत्रकवाला:
हो! पण दुसऱ्याचा नाही, त्याचा ‘ए’ने होतो.

गंजलेली किल्ली:
मग काकूंचं कोडं सुटलं. इंट केलंस तिथेच पुढचं शून्य गळालं, परत हेक्स केल्यावर ३९ अक्षरं उरली. सरासरी दर १६ फिंगरप्रिंटमागे एक शून्याने सुरू व्हायचाच. ४० जणांत तुला एकच भेटला हे नशीब. इंट भलतंच सोशिक आहे रे, देवनागरी १२३ सुद्धा मुकाट गिळतं. बाइट्सचं फ्रॉमहेक्स (हेक्सच्या दर दोन अक्षरांचा एक बाइट करणारं फंक्शन) वापर आणि बरोबर २० बाइट आले का ते बघ. दुसऱ्याला एरर काय येतो?

पगारपत्रकवाला:
एरर काहीही आला तरी मी ‘की सापडली नाही’ असंच दाखवतो... (हसू नका.)

सोळावं अक्षर:
८ अक्षरं अजिबात नको. ती जेमतेम ३२ बिट. २०१४ मध्ये एव्हिल३२ या प्रकल्पाने साध्या ग्राफिक्स कार्डावर हवा तो आठ अक्षरी आयडी ४ सेकंदांत बनवून दाखवला. २०१६ मध्ये लिनक्सवाल्या लिनस टॉरवाल्ड्सच्या नावाची तसलीच बनावट की कीसर्व्हरवर (लोकांच्या की जिथे शोधतात तिथे) निघाली. १६ अक्षरं शोधायला ठीक, खात्रीसाठी पूर्ण फिंगरप्रिंटच. आणि ‘शेवटची १६ म्हणजे की आयडी’ हे कोडमध्ये कोरून ठेवू नकोस. २०२४ च्या आरएफसी ९५८० (ओपनपीजीपीचं मानक, जीपीजीसारखे प्रोग्राम याच पद्धतीचे) मधल्या सहाव्या आवृत्तीच्या कीचा फिंगरप्रिंट ६४ अक्षरी असतो आणि आयडी पुढून घेतात. शेवटी उद्गारचिन्ह आलं तर तेही गुपचूप पुसू नकोस, जीपीजीत त्याचा अर्थ ‘हीच सबकी (मुख्य कीखालची उपकिल्ली) वापर’.

पगारपत्रकवाला:
काकूंची फाइल गेली! दुसऱ्याचं फ्रॉमहेक्स २० व्या जागी अडतंय. तिथे डोळ्यांना तर काहीच दिसत नाही.

गंजलेली किल्ली:
बरोबर मधोमध ना? फिंगरप्रिंट वेब पेजवरून उचललेला असणार. ओळ तुटावी म्हणून तिथे कधी कधी झीरो-विड्थ स्पेस (शून्य रुंदीची, न दिसणारी स्पेस) घातलेली असते, आणि स्पेस काढायला वापरतात ते पायथनचं स्प्लिट तिला स्पेस मानतच नाही. त्या जागेचा युनिकोड क्रमांक छापून बघ.

पगारपत्रकवाला:
८२०३. तीच!