दोन बाय दोन टाइलची खोकी नेमकी किती घ्यावीत? हिशेबासाठी मदत हवी आहे

नमस्कार.

कराडजवळच्या आमच्या गावातील घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, जुनी शहाबादी फरशी आहे. ती जागोजागी खचली असून पावसाळ्यात कडेने ओल धरते, म्हणून ती पूर्ण काढून व्हिट्रिफाइड टाइल बसवण्याचे ठरले आहे. टाइल पसंत करून झाली आहे. माप ६०० × ६०० मिलिमीटर, म्हणजे दुकानात जिला दोन बाय दोन म्हणतात ती. एका खोक्यात चार नग येतात. अडचण फक्त संख्येची आहे. दुकानदार १३ खोकी पुरतील म्हणतात, मिस्त्री १५ मागतात आणि माझा आकडा १४ वर येतो.

खोलीची लांबी १७ फूट ६ इंच आणि रुंदी ११ फूट ३ इंच आहे. ही मापे प्रत्येक बाजूला तीन ठिकाणी टेप लावून घेतली असून त्यातले सर्वांत मोठे माप धरले आहे, कारण जुन्या भिंती काटकोनात नाहीत. बाहेरचे दार साडेतीन फुटी, आतले तीन फुटी, आणि पॅसेजकडे जाणारी पावणेचार फुटांची मोकळी जागा आहे, जिला चौकट नाही. भिंती नऊ इंची आहेत. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायची पट्टी, त्याच टाइलची, तीन इंचांची करायची आहे.

दुकानदारांचा हिशेब असा की क्षेत्रफळ सुमारे १९७ चौरस फूट आणि एक खोके १६ चौरस फुटांचे, म्हणून १२.३, म्हणजे १३ खोकी. मी खोक्यावरचा मजकूर वाचला, तर त्यावर १.४४ चौरस मीटर, म्हणजे १५.५ चौरस फूट असे छापलेले आहे. त्याने भागून पाच टक्के वाढीव धरले की १४ खोकी होतात. मिस्त्रींनी मात्र भागाकार केलाच नाही. त्यांनी खोलीत उभे राहून ओळी मोजल्या आणि १५ सांगितले.

दुकान शहरात आहे, टेम्पोचे भाडे दर खेपेला वेगळे पडते आणि न फोडलेली खोकीच परत घेतली जातात. आई-वडील दोघेही सत्तरीच्या पुढचे आहेत. टाइल कमी पडल्यामुळे सोपा उखडलेल्या अवस्थेत तसाच पडून राहावा, हे मला अजिबात नको आहे. तेव्हा कोणती पद्धत धरावी, स्कर्टिंगसाठी वेगळ्या टाइल मोजाव्यात की कापून उरलेल्या तुकड्यांतून ती निघेल, आणि दाराखालची जागा हिशेबात घ्यावी का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. सोबत न्हाणीघराच्या भिंतीही सात फुटांपर्यंत करायच्या आहेत. तिथली टाइल ३०० × ६०० ची असून ती आडवी लावणार आहोत.

प्रतिसाद १

आपल्या मिस्त्रींची पद्धत योग्य आहे. क्षेत्रफळाच्या भागाकारात एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली असते, ती म्हणजे कापलेला प्रत्येक तुकडा दुसरीकडे कुठेतरी वापरला जाईल. प्रत्यक्षात तसे होत नाही, आणि आपल्या खोलीत तर मुळीच होणार नाही.

मापे मिलिमीटरमध्ये घ्या. लांबी ५३३४, रुंदी ३४२९. दोन टाइलमध्ये २ मिलिमीटरचा स्पेसर, म्हणजे सांध्याची फट राखणारा तुकडा, धरला तर एका टाइलला ६०२ मिलिमीटर जागा लागते. लांबीत आठ पूर्ण टाइल बसून ५१८ मिलिमीटर उरतात, रुंदीत पाच बसून ४१९ उरतात. ४१९ चा तुकडा काढल्यावर टाइलची १८१ मिलिमीटरची पट्टी उरते. तिच्यातून दुसरा ४१९ चा तुकडा निघणे शक्य नाही, म्हणून त्या ओळीतल्या प्रत्येक जागेला एक अख्खी टाइल खर्च होते. लांबीकडेही तेच. म्हणजे ९ गुणिले ६, एकूण ५४ टाइल. तेरा खोक्यांत ५२ येतात, तेव्हा ती नक्की कमी पडली असती.

कडेला उरणारी जागा अर्ध्या टाइलपेक्षा कमी असती, समजा २९० मिलिमीटर, तर एका टाइलचे दोन तुकडे होऊन शेवटच्या नऊ जागांना पाचच टाइल पुरल्या असत्या. म्हणून कोणत्याही खोलीत आधी ही उरलेली जागा काढावी आणि मग टक्केवारी बोलावी. टाइल तिरपी लावायची असेल तर गोष्ट वेगळी; तिथे चारही कडांना कापावे लागते आणि दहा टक्क्यांहून अधिक वाढीव सहज जाते.

दर चौरस फुटावर असेल तर बिलात खोके १५.५ चे धरले आहे की १६ चे, ते अवश्य पाहा. फरक तीन टक्क्यांहून थोडा जास्त पडतो.

प्रतिसाद २

वरच्या हिशेबात स्कर्टिंग जोडतो, कारण इथे आपला फायदा आहे. तीन इंच म्हणजे ७६ मिलिमीटर. १८१ च्या पट्टीतून, कटरच्या पात्याने कापताना जाणारी जाडी धरूनही, अशा दोन पट्ट्या निघतात आणि लांबीकडच्या ८२ च्या पट्टीतून एक निघते. सगळ्या मिळून साधारण साडेशेहेचाळीस फूट होतात. आपल्याला दारे वगळून आणि मोकळ्या जागेच्या दोन्ही गालांसह, म्हणजे भिंतीच्या जाडीच्या बाजूंसह, सुमारे ४९ फूट लागेल, म्हणजे एक टाइल जास्त कापली की काम भागते. मात्र मिस्त्रींना तुकडे टाकू नका असे आधीच सांगून ठेवा, आणि पट्टीची कारखान्यातली सरळ कड वर, कापलेली कड खाली ठेवायला सांगा. स्कर्टिंग चार इंची केली तर ८२ ची पट्टी निरुपयोगी ठरते आणि १८१ मधून एकच निघते, त्यामुळे तीन इंचच ठेवा.

चौकटीखाली ग्रॅनाइटची पट्टी घालणे बरे, ती जागा सोडून द्या. पॅसेजच्या मोकळ्या जागेत मात्र टाइल लागेल; नऊ इंचांच्या दोन पट्ट्या एका टाइलमधून निघतात. अशा ५४, १ आणि १ मिळून ५६, म्हणजे बरोबर १४ खोकी. पण त्यात फुटतुटीला एकही नग राहत नाही. म्हणून १५ घ्या आणि सगळ्या खोक्यांवर बॅच क्रमांक व शेड एकच आहे हे टेम्पोत भरण्यापूर्वी स्वतः वाचा. वेगळ्या बॅचची टाइल मधोमध आली की रंगातला फरक दिवसाउजेडी उठून दिसतो. उरलेल्या चार टाइल माळ्यावर जपून ठेवा. पुढे एखादी तडकली तर त्याच कामी येतील.

न्हाणीघरात सात फूट म्हणजे २१३४ मिलिमीटर. ३०० उंचीच्या सात ओळी सांध्यांसह २११२ होतात, आणि केवळ २२ मिलिमीटरसाठी आठवी ओळ कापावी लागते. उंची सात ओळींवरच थांबवा. दिसायलाही वरची कड पूर्ण टाइलची राहील.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ओळींचा हिशेब कागदावर आकृती काढून पडताळला, ५४ च येतात. एकच शंका राहिली: रुंदीत एका बाजूला ४१९ चा तुकडा येण्याऐवजी दोन्ही बाजूंना सारखे तुकडे घ्यावेत असे वडिलांचे म्हणणे आहे. त्याने संख्या वाढेल का?

प्रतिसाद १

वाढणार नाही. मध्ये चार पूर्ण आणि दोन्ही कडांना साधारण ५१० चे तुकडे येतील. जागा सहाच राहतात. उरलेली पट्टी ९० ची होईल, तिच्यातून तीन इंची स्कर्टिंग एकेकच निघेल, पण अशा ओळी दोन असल्याने बेरीज जवळजवळ तेवढीच येते. खोली अधिक नीटस दिसेल, तेव्हा वडील म्हणतात तसेच करा.