४० हजारांत चांगल्या घड्याळांचा संग्रह कसा सुरू करावा?

जळगावकर: क्वार्ट्झ म्हणजे सेलवर चालणारी नकोत, स्प्रिंगवर चालणाऱ्या मशीनचीच हवीत. एकच महागडं घ्यावं की दोन?

तापीकाठ: दोन घ्या, भाऊ. पहिलं सेइको ५, पण ४आर३६ मशीनचं. हाताने चावी देता येते, सेकंदकाटा थांबवून वेळ जुळवता येते, पूर्ण भरल्यावर ४१ तास चालतं. सेइकोच्याच जुन्या ७एस२६ मशीनमध्ये चावी देणं आणि काटा थांबवणं, या दोन्ही सोयी नाहीत. दुसरं चावीचं एचएमटी जनता, १७ ज्वेलचं, म्हणजे आत घर्षण कमी करणारे १७ खडे असलेलं. जुन्या घड्याळाची डायल कोरी करकरीत दिसली तर ती बहुधा पुन्हा रंगवलेली असते. भिंगातून अक्षरं बघा. कडा पसरलेल्या असतील तर सोडून द्या. मागचं झाकण उघडून मशीन बघितल्याशिवाय पैसे देऊच नका.

धुळेकर: सर्व्हिसिंगचे पैसे आधीच बाजूला काढा. तेल वाळलं की चाकांचे आस झिजतात. रात्री ९ ते पहाटे ४ तारीख बदलू नका, दाते तुटू शकतात. आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने चामडी पट्टा कुजतो, नायलॉनचा लावा.

जळगावकर: जनता पावसात चालेल?

तापीकाठ: अजिबात नाही. पाणी आत गेलं की मशीन गंजतं.