चाच्यांचा डेक कशाने चाच्यांचा ठरतो: पत्त्यावर छापलेल्या प्रकाराने की खेळण्याच्या रीतीने?

दांडियाबाजारकर:

‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्या आपल्या वडोदऱ्यातील मंडळींत सध्या एका डेकवरून, म्हणजे खेळाडूने निवडून बांधलेल्या पत्त्यांच्या संचावरून, वाद चालू आहे. रविवारी खेळ संपल्यावर घाईघाईत बोलून तो मिटणार नाही, म्हणून माझी बाजू येथे सविस्तर मांडतो. आपण सगळे कमांडर प्रकार खेळतो. त्यात चौघे एका टेबलावर बसतात, प्रत्येकाला ४० लाइफ असते (ते संपले की खेळाडू बाद), डेक १०० पत्त्यांचा असतो, बेसिक लँड (माना, म्हणजे पत्ते खेळण्याचा खर्च, पुरवणारे साधे पत्ते) वगळता कोणताही पत्ता दुसऱ्यांदा घेता येत नाही आणि कमांडर म्हणून निवडलेला पत्ता डेकचे रंग ठरवतो.

रावपुरेकरांनी मॅल्कम आणि ब्रीचेस या २०२० सालच्या जोडीला कमांडर करून चाच्यांचा डेक बांधला आहे. त्यातला जवळजवळ प्रत्येक क्रीचर (लढणारा पत्ता) चाचा आहे, हे मला मान्य आहे. पण हा डेक जिंकतो तो ‘ग्लिंट-हॉर्न बकनिअर’मुळे. हा बकनिअर हल्ल्यात असताना दोन माना भरून हातातला एक पत्ता टाकायचा आणि एक नवा ओढायचा, आणि पत्ता टाकला की प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला एक डॅमेज बसतो, म्हणजे त्याचे एक लाइफ घटते. चाच्यांनी जितक्या प्रतिस्पर्ध्यांना डॅमेज दिला तितकी ट्रेझर टोकन मॅल्कम देतो, आणि एक ट्रेझर मोडले की एक माना मिळतो. म्हणजे खर्च दोन माना आणि मिळकत तीन ट्रेझर; हे चक्र एकदा फिरू लागले की समोरच्या तिघांचे लाइफ संपेपर्यंत थांबत नाही. बाकीच्यांनी केवळ बघत बसायचे.

माझे म्हणणे असे की, हा उत्तम डेक आहे, परंतु चाच्यांचा डेक नाही. चाचा बुडवायला येत नाही, तो घ्यायला येतो. १६९५ साली औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज हजयात्रेकरू आणि सोने-चांदी घेऊन आपल्या शेजारच्या सुरतेकडे परत येत असताना हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने ते लुटले. जहाज तळाला गेले असते तर त्याच्या हाती काहीच लागले नसते. चाच्याला समोरचा माणूस आणि त्याचा माल, दोन्ही शाबूत हवे असतात. डेक बांधताना हीच वृत्ती पत्त्यांतून दिसली पाहिजे.

म्हणून माझा कमांडर २०१७ च्या इक्सलान संचातली ‘अ‍ॅडमिरल बेकेट ब्रास’ आहे. निळा, काळा आणि लाल हे चाच्यांचे तिन्ही रंग तिच्यामुळे मिळतात आणि आपल्या इतर चाच्यांना ती +१/+१ देते. तिचे खरे सामर्थ्य मात्र एंड स्टेपला, म्हणजे आपल्या टर्नच्या (पाळीच्या) अखेरीस, दिसते. त्या टर्नमध्ये ज्या खेळाडूला तीन किंवा अधिक चाच्यांनी कॉम्बॅट डॅमेज दिला असेल, त्याची लँड सोडून टेबलावरची कोणतीही एक वस्तू ती कायमची आपल्या ताब्यात आणते. या एका वाक्यावर सगळा डेक उभा राहतो. तिघे आत घुसले पाहिजेत, म्हणून एक-दोन मानांचे, उडणारे किंवा सहज अडवता न येणारे चाचे लागतात. एका मानाची ‘सायरन स्टॉर्मटेमर’ उडते आणि वेळ आली की स्वतःचा बळी देऊन आपल्यावर रोखलेला स्पेल (समोरच्याने खेळलेला पत्ता) निष्फळ करते. दोन मानांचा ‘काइटसेल फ्रीबूटर’ही उडतो आणि येतानाच समोरच्याचा हात पाहून त्यातला एक पत्ता अडकवून ठेवतो. ‘कव्हर ऑफ डार्कनेस’ टेबलावर असेल तर काळे किंवा आर्टिफॅक्ट (यंत्र-वस्तू प्रकारचे) क्रीचर नसलेल्या खेळाडूला आपला एकही चाचा अडवता येत नाही.

आणखी एक बारकावा सांगतो. ब्रास हल्ल्यापूर्वी उतरवलीच पाहिजे असे नाही. तिची अट ‘या टर्नमध्ये’ बसलेल्या डॅमेजची आहे. त्यामुळे तीन छोटे चाचे आधी घुसवावेत, समोरच्याने ‘तीनच तर डॅमेज आहे’ म्हणून ब्लॉक न करता सोडून द्यावे, आणि मग दुसऱ्या मेन फेजमध्ये (हल्ल्यानंतर पत्ते उतरवण्याच्या टप्प्यात) अ‍ॅडमिरल उतरवावी. त्या हल्ल्यापुरते +१/+१ मिळत नाही, पण समोरच्याची सर्वांत मौल्यवान वस्तू मिळते. मला चाचेगिरी म्हणतात ती ही वाटते.

रावपुरेकर:

माझ्या डेकवर इतके लिहिले गेले आहे, तेव्हा उत्तर देणे भाग आहे. दांडियाबाजारकरांनी एव्हरीचा दाखला दिला तो वाचायला चांगला आहे, पण पत्त्यांच्या खेळात ‘वृत्ती’ कोणी मोजायची? पत्त्यावर प्रकाराची एक ओळ छापलेली असते. त्या ओळीत पायरेट लिहिले असेल तर तो चाचा, नसेल तर नाही. ही कसोटी सगळ्यांना सारखी लागू होते आणि तिच्यावर वाद होत नाही. वृत्तीची कसोटी लावली तर ‘एजंट ऑफ ट्रेचरी’ हा पत्ताही चाचा म्हणावा लागेल, कारण तोही समोरच्याची वस्तू कायमची घेतो. तो ह्यूमन रोग (Rogue, म्हणजे भामटा) आहे. समुद्राशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

दुसरे असे की, माझ्या काँबोमधले, म्हणजे मिळून चक्र चालवणारे, दोन्ही पत्ते चाचे आहेत आणि बकनिअरला प्रत्यक्ष हल्ल्यात उतरावे लागते. त्या हल्ल्यात कोणीही त्याला मारू शकतो, मॅल्कमला मारू शकतो. शिवाय हे चक्र अमर्याद असल्यासारखे वर्णन केले आहे, तेही पूर्ण खरे नाही. समोर दोघे उरले तर खर्च आणि मिळकत बरोबरीची होते, आणि एकच उरला तर चक्र बंद पडते. म्हणजे किमान दोघे टेबलावर असतानाच हल्ला करण्याची वेळ साधावी लागते. यात कौशल्य नाही असे कोणी म्हणू नये.

आणि ब्रासचा डेक संपवतो कसा, ते मला सांगा. समोर तिघांचे मिळून १२० लाइफ. दोन-दोन पॉवरच्या चाच्यांनी ते उतरवायला बसलो तर जेवणाची वेळ टळते. एक वस्तू चोरली, दुसरी चोरली, आणि मग कोणीतरी सगळे बोर्ड साफ करणारा स्पेल टाकतो की पुन्हा शून्यापासून सुरुवात. खेळ संपवण्याची सोय नसलेला डेक टेबलावर आणणे हे बाकीच्या तिघांच्या वेळेचा विचार न करण्यासारखे आहे.

मांडवीवाला:

छापील ओळच प्रमाण मानायची असेल तर चेंजलिंग हा गुण असलेल्या पत्त्यांचे काय करायचे? ‘युनिव्हर्सल ऑटोमेटन’ हा एका मानाचा यंत्रपुतळा नियमाप्रमाणे प्रत्येक जातीचा क्रीचर आहे, म्हणून तो चाचाही आहे. ब्राससाठी तिसरा चाचा म्हणून तो बिनतक्रार मोजला जाईल. पण चाच्यांच्या डेकमध्ये तो पाहून कोणालाही आनंद होणार नाही. तेव्हा ओळ ही किमान अट असावी आणि त्यावर आणखी काही असावे, इतके तरी रावपुरेकरांनी मान्य करावे.

निझामपुरा येथील अपर्णा:

मी दोघांच्याही विरोधात लिहीत आहे. आमच्या घरी खेळायला येणाऱ्यांत शाळेतली मुलेही असतात. काँबोने हरल्यावर ती मुले खांदे उडवतात आणि दुसरा डाव मांडतात. परंतु एखाद्याने खाऊच्या पैशांतून घेतलेला ड्रॅगन चौथ्या टर्नला उचलून नेला आणि पुढचा तासभर त्याच ड्रॅगनने त्याला मारले, तर त्या मुलाचा चेहरा पाहवत नाही. दांडियाबाजारकरांना जी चाचेगिरी रंगतदार वाटते, ती समोरच्याच्या बाजूने फार कडू असते. चोरीचे डेक बांधू नयेत असे मी म्हणणार नाही. पण कोणत्या टेबलावर काय आणायचे याचा विचार आधी व्हावा. २०२५ मध्ये कमांडरसाठी डेकची ताकद सांगणारी पाच पायऱ्यांची पद्धत आली आहे आणि तिच्या खालच्या दोन पायऱ्यांत दोन पत्त्यांचे अनंत काँबो बसत नाहीत, म्हणून रावपुरेकरांचा प्रश्न तिथे सुटतो. चोरीचा प्रश्न मात्र कोणतीही पायरी सोडवत नाही. तो बोलूनच सोडवावा लागतो.

दांडियाबाजारकर:

अपर्णाताईंचा मुद्दा या धाग्यातला सर्वांत वजनदार आहे. माझा डेक मुलांच्या टेबलावर मी आणणार नाही, आणि मोठ्यांच्या टेबलावरही ‘हा डेक वस्तू पळवतो’ हे खेळ सुरू होण्यापूर्वी सांगेन. तरीही काँबोपेक्षा चोरी बरी, असे मला का वाटते ते सांगतो. चोरीनंतरही समोरच्याला खेळता येते. तो आपली वस्तू नष्ट करू शकतो, ब्रासला हटवू शकतो, इतर दोघांशी हातमिळवणी करू शकतो. काँबो सुरू झाल्यावर त्याच्याकडे उरते ते फक्त पत्ते गोळा करणे.

मांडवीवाल्यांशी मी सहमत आहे. रावपुरेकरांनी विचारलेल्या ‘एजंट ऑफ ट्रेचरी’बद्दल सांगायचे तर, तो माझ्या डेकमध्ये नाही आणि नसेल. मला दोन्ही अटी हव्या आहेत: ओळीतही चाचा असावा आणि वागण्यातही असावा. ‘होस्टेज टेकर’ पाहा. चार मानांचा चाचा, येतो तो समोरचा क्रीचर किंवा आर्टिफॅक्ट ओलीस धरून, आणि पुढे माना भरून तो पत्ता आपणच खेळायचा. ‘डायर फ्लीट डेअरडेव्हिल’ समोरच्याच्या ग्रेव्हयार्डमधला (वापरून झालेल्या पत्त्यांच्या ढिगातला) स्पेल उचलून वापरतो. ब्रीचेस तर समोरच्याच्या डेकवरचाच पत्ता पळवतो, आणि तो रावपुरेकरांचा स्वतःचा कमांडर आहे! त्याला बाजूला बसवून बकनिअरवर डेक चालवणे याचेच मला वाईट वाटते.

खेळ संपवण्याबद्दलचा आक्षेप मात्र नीट पाहिला पाहिजे, कारण त्यात एक नियम महत्त्वाचा आहे. खेळाडू बाद झाला की त्याच्या मालकीचे सगळे पत्ते खेळाबाहेर जातात. आपण पळवलेले पत्तेही त्यात आले. म्हणजे ज्याला लुटले त्यालाच आधी संपवले तर लूट हातची जाते. ज्याच्याकडून सर्वांत चांगली वस्तू घेतली त्याला जिवंत ठेवून, तीच वस्तू दुसऱ्या दोघांवर चालवावी लागते. कोणावर कधी हल्ला करायचा हा निर्णय त्यामुळे दर टर्नला नव्याने घ्यावा लागतो. हा विचार करायला मिळतो म्हणूनच मी हा डेक खेळतो.

सयाजीगंजकर:

जहाजांबद्दल कोणीच लिहिले नाही याचे आश्चर्य वाटते. ‘फेल फ्लॅगशिप’ आपल्या चाच्यांना +१/+० देते आणि तिचा घाव बसला की समोरच्याला हातातला पत्ता टाकावा लागतो. तीन मानांत हे मोठे काम आहे, आणि चाच्यांच्या डेकमध्ये जहाज नसावे हे पटत नाही. शिवाय एक कल्पना सुचवतो: आपण मराठी माणसे खेळतो, तर ब्रासच्या पत्त्यावर कान्होजी आंग्र्यांचे चित्र रंगवून घ्यावे.

वाडीकर:

जहाजाबद्दल हरकत नाही. आंग्र्यांबद्दल मात्र तीव्र हरकत आहे. कान्होजी हे मराठा आरमाराचे सरखेल होते. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी त्यांचे दस्तक (परवाना) घ्यावे, ही एका सत्तेची मागणी होती. ज्या इंग्रजांना ते देणे नको होते त्यांनी कान्होजींना चाचे ठरवले. १७२९ मध्ये कान्होजी वारले तोवर इंग्रजांना त्यांचे आरमार मोडता आले नव्हते. त्यांचे चित्र हवे असेल तर दुसऱ्या एखाद्या डेकमध्ये, सेनापतीच्या पत्त्यावर असावे. लुटारूंच्या पत्त्यावर मुळीच नको.

दांडियाबाजारकर:

वाडीकरांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, ते चित्र नको. ‘फेल फ्लॅगशिप’बद्दल मात्र माझी अडचण वेगळी आहे. जहाज स्वतः चाचा नाही, त्यामुळे ब्रासच्या तिघांत ते मोजले जात नाही. आणि ते चालवायला एकूण तीन पॉवरचे क्रीचर टॅप करावे (आडवे करून गुंतवावे) लागतात. म्हणजे ज्यांना हल्ल्याला पाठवायचे तेच वल्ही मारत बसतात. नुकताच उतरलेला, त्या टर्नला हल्ला करू न शकणारा चाचा तिथे कामी येतो, हे खरे. म्हणून एक जहाज ठेवावे, दोन नको.

रावपुरेकर:

लुटलेल्याला जिवंत ठेवण्याचा मुद्दा वाचला आणि माझे मत आणखी पक्के झाले. ज्या डेकला जिंकण्यासाठी लोकांना बाद करावे लागते आणि बाद केले की स्वतःचेच बळ कमी होते, तो डेक स्वतःच्याच विरुद्ध खेळतो. आपल्याला ती रंगत वाटते, मला तो बांधणीतला दोष वाटतो. ‘डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट’चे उदाहरण आठवा. तो गॉब्लिन पायरेट होता, तो कोणाचे काही पळवत नसे, फक्त समोरच्यांच्या आर्टिफॅक्ट आणि एन्चांटमेंट (टेबलावर टिकणारी जादू) मोजून तितकी ट्रेझर करीत असे. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्यावर बंदी येईपर्यंत चाच्यांतला सर्वांत ताकदवान पत्ता तोच होता. ट्रेझर म्हणजे चाच्यांचा खजिनाच, आणि खजिन्यावर जिंकणे हे चाच्यांना शोभत नाही असे आपण कोणत्या आधारावर म्हणता?

तडजोड म्हणून इतके करतो. बकनिअर काढून त्याच्या जागी दुसरा हल्लेखोर चाचा घालतो आणि कमांडर बदलून काळा रंग आणतो, म्हणजे ‘रेव्हल इन रिचेस’ घेता येईल. अपकीपला, म्हणजे माझ्या टर्नच्या सुरुवातीला, दहा ट्रेझर समोर असतील तर डाव माझा. तोपर्यंत ट्रेझर उघड्यावर मांडलेली असतील, ती मोडायला तिघांनाही पूर्ण फेरी मिळेल. यालाही आपण चाच्यांचा डेक म्हणणार नसाल, तर मग आपला वाद डेकबद्दल नसून मी जिंकण्याबद्दल आहे.

दांडियाबाजारकर:

‘रेव्हल इन रिचेस’ला माझी काहीही हरकत नाही. ती ट्रेझर लढून मिळालेली असतील आणि मला ती पळवण्याची संधी असेल. ब्रास ट्रेझर टोकनही उचलू शकते. त्या डेकसमोर मी आनंदाने बसेन, आणि आपल्या नवव्या ट्रेझरपाशी माझे तीन चाचे नक्की येतील.