शब्दचर्चा: मेंदूच्या ‘लहरी’ की ‘तरंग’? आणि ‘कॉग्निटिव्ह’ला काय म्हणावं?

धागाकर्ती: मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मज्जासंस्थेच्या आजारावरची चार पानं मावसबहिणीसाठी मराठीत करतेय. दोन ठिकाणी गाडी अडलीये. इईजीमधल्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखातल्या, ‘वेव्ह्ज’ना लहरी म्हणू की तरंग? आणि ‘कॉग्निटिव्ह फंक्शन’चं (लक्ष, स्मरण, विचार ही मेंदूची कामं) काय करू? तिच्या कागदावर कुणीतरी ‘बौद्धिक क्षमता घटली’ असं लिहून दिलं होतं. दोन दिवस ती कुणाशी धड बोलली नाही.

प्रतिसाद: लहरीच. ध्वनिलहरी, रेडिओलहरी रुळलेल्या आहेत. एकवचन तेवढं सांभाळा. ‘लहर आली’ म्हटलं की माणूस रात्री अकराला भजी तळायला घेतो! हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये जर्मनीत येना इथे माणसाच्या मेंदूतल्या विजेचा आलेख पहिल्यांदा काढला, १९२९ मध्ये तो छापला. अल्फा, बीटा ही नावं त्यांचीच. अल्फा म्हणजे सेकंदाला साधारण ८ ते १३ हेलकावे. डोळे मिटून निवांत बसलं की ठळक दिसतात, डोळे उघडले की दबतात.

प्रतिसाद: ‘संज्ञानात्मक’ नको, ते हिंदीतून आलंय. आपल्याकडे संज्ञा म्हणजे पारिभाषिक शब्द, नाहीतर शुद्ध (‘संज्ञाहीन पडला’). मानसशास्त्राच्या पुस्तकांत ‘बोधनिक’ असतं. बरोबर आहे, पण मला त्यात बोधकथा ऐकू येते. ‘आकलन’ तोकडं पडतं. लक्ष, स्मरण, ऐनवेळी शब्द सापडणं, हे सगळं त्याच्या बाहेर राहतं.

धागाकर्ती: ‘बुद्धी’ तर नकोच. तिची चाचणी मी पाहिली. कागदाच्या माथ्यावर नऊ चिन्हं, प्रत्येकाखाली एक आकडा. खाली नुसत्या चिन्हांच्या ओळी. ९० सेकंदांत जमतील तेवढे आकडे सांगायचे. तिचं एकही उत्तर चुकलं नाही. फक्त निम्म्या कागदापर्यंतच पोचली.

प्रतिसाद: म्हणजे वेग. एमएसमध्ये बहुधा तोच आधी मार खातो. स्मरणाच्या तक्रारीही असतात. मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टन जागोजागी झिजतं आणि संदेश रेंगाळतो. गंमत म्हणजे जर्मन डॉक्टर फिरखो यांनी १८५४ मध्ये ‘मायलिन’ हा शब्द ‘मज्जा’ (हाडातला मगज) या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच केला. ‘मज्जावेष्टन’ म्हणा हवं तर, पण घरात लहान मुलं असतील तर ‘मज्जा गेली’ म्हणू नका.

हा उशीर लहरींतही दिसतो. पडद्यावर काळ्या-पांढऱ्या चौकटी उलटसुलट करतात आणि डोक्याच्या मागच्या बाजूची लहर मोजतात. एरवी ती साधारण १०० मिलिसेकंदांवर उमटते. दृष्टितंतूला सूज येऊन गेली असेल तर पुष्कळदा आकार बराचसा तोच राहतो, पण लहर उशिरा येते.

धागाकर्ती: हे तिला वाचून दाखवलं. डोंबिवलीची आहे. म्हणाली, “म्हणजे गाडी तीच गं, फास्टची स्लो झाली.”

प्रतिसाद: तिला सांगा, उपमा अगदी चपखल आहे. वेष्टन शाबूत असताना संदेश खरंच मधली स्टेशनं गाळत, उड्या मारत जातो.

धागाकर्ती: मग शीर्षकात ‘बोधनिक कार्य’ ठेवते, नाहीतर डॉक्टरांना कळायचं नाही. आत सगळीकडे ‘विचार करण्याचा वेग’. आणि ‘मंदावला’ की ‘संथ झाला’?

प्रतिसाद: संथ. ‘मंद’ला आपण शाळेतच शिवी करून ठेवलंय.