फौजेत असताना डिग्री कशी करायची? भावासाठी विचारतेय

माझा भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई आहे, बारावी आर्ट्स झालीये, वय 25, सध्या फील्डला पोस्टिंग. त्याला ग्रॅज्युएशन करायचंय पण युनिटमधले सीनियर म्हणतात 15 वर्षं सर्व्हिस झाली की ग्रॅज्युएट धरतातच, उगाच कशाला डोकं लावतो. खरंय का हे? आणि करायचंच तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून करावं का इग्नूतून? घरी सांगणारं कोणी नाही म्हणून इथे विचारतेय.

रिटायर्ड_सुभेदार_सातारा:
ताई, सीनियर अर्धंच सांगतायत. दहावी पास आणि 15 वर्षं सर्व्हिस असेल तर ग्रॅज्युएशन लागणाऱ्या काही क गटाच्या नोकऱ्यांना माजी सैनिक पात्र धरतात, तलाठी भरतीला चालतं. पण ती सूट आहे, डिग्री नाही. त्यावर एमए नाही, बीएड नाही, यूपीएससी तर नाहीच. आमच्या गावात पेन्शन आल्यावर बीएडला जायला निघालेला एक हवालदार होता, कॉलेजच्या खिडकीवर 15 वर्षं सर्व्हिसचा कागद दाखवला तर क्लार्कने विचारलं डिग्रीची मार्कशीट कुठंय, काय सांगणार.

फौजी_मुलगा:
इग्नूच घ्या. नाशिकचं विद्यापीठ चांगलंय, पण त्यांचा सगळा कारभार महाराष्ट्रातला, भाऊ तिकडे वर, पेपरला दरवेळी गावी कोण सोडणार. इग्नूचा परीक्षा फॉर्म भरताना सेंटर निवडता येतं, जिथे पोस्टिंग तिथलं टाका. अॅडमिशन जानेवारी आणि जुलैला, पेपर जून-डिसेंबरला, तीन वर्षांचं बीए सहा वर्षांपर्यंत ओढता येतं, म्हणजे मधे एखादं फील्ड टेन्युअर गेलं तरी हरकत नाही. खरी कटकट असाइनमेंटची, हाताने लिहायच्या. मी बराकीत काळ्या ट्रंकेवर फळी टाकून गार्ड ड्युटी सुटल्यावर लिहायचो, शेजारचा ओरडायचा लाईट बंद कर म्हणून 😄 त्यांना 30 टक्के वेटेज आहे, टाळू नका. आणि अॅडमिशनआधी डेब आयडी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा ऑनलाइन नोंदणी नंबर) काढून ठेवा, ऐनवेळी पळापळ होते.

खडकीकर:
कोणी एसीसीबद्दल बोलतच नाहीये! आर्मी कॅडेट कॉलेज, डेहराडून. बारावी पास, वय 20 ते 27, किमान दोन वर्षं सर्व्हिस असेल तर परीक्षा देता येते, मग एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडायच्या चाचण्या आणि मुलाखत. निवड झाली तर तिथे तीन वर्षं, जेएनयूची डिग्री मिळते, वर एक वर्ष आयएमए (तिथलीच मिलिटरी अकॅडमी) आणि थेट लेफ्टनंट. ताई, भावाकडे दोनच वर्षं उरलीत, आधी हे बघायला सांगा, बीए नंतर कधीही होईल.

रिटायर्ड_सुभेदार_सातारा:
बरोबर. पण एसएसबीत भले भले परत येतात, म्हणून इग्नूचा फॉर्म सोबत भरूनच ठेवायचा. युनिटच्या एज्युकेशन हवालदाराला भेट म्हणावं, या सगळ्याची कागदपत्रं तोच करतो.

प्रश्न विचारणारी:
थँक्यू दादा, थँक्यू काका. एसीसीचं त्याला माहीतच नव्हतं, आज फोन लागला तर सांगते. धाकटा चुलतभाऊ अग्निवीर आहे, त्यालाही हेच लागू का?

फौजी_मुलगा:
त्याचं वेगळं. इग्नूने अग्निवीरांसाठी तीन वर्षांची अप्लाइड स्किल्सवाली डिग्री काढलीये, निम्मे क्रेडिट ट्रेनिंगचेच धरतात, निम्मे विषय घेऊन करायचे. चारच वर्षं आहेत त्याच्याकडे, भरती झाल्या झाल्या सुरू कर म्हणावं.