बैठकीच्या खोलीसाठी ४२ इंची टीव्ही: प्लाझ्मा घ्यावा की एलसीडी? मदत हवी आहे (जुनी चर्चा, प्लाझ्मा टीव्ही दुकानात मिळत तेव्हाची; त्यांचं उत्पादन २०१४ च्या सुमारास थांबलं)

चौकट:
नमस्कार मंडळी. पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही काढून ४२ इंची सपाट टीव्ही घ्यायचा आहे. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी लावलेले असतात तेव्हा एलसीडी जास्त उठून दिसतो, पण जाणकार बहुतेक वेळा प्लाझ्माचंच नाव घेतात. खोलीची माहिती देतो, म्हणजे नेमकं सांगता येईल.

सोफा ते टीव्हीची भिंत ३ मीटर. सोफा इंग्रजी एल आकाराचा आहे. त्याची आखूड बाजू पडद्याच्या प्रतलापासून दीड मीटरवर आणि मध्यापासून २ मीटर बाजूला येते. मोठी खिडकी सोफ्याच्या पाठीमागे, म्हणजे टीव्हीच्या बरोबर समोर. दिवसा आईबाबा पाच-सहा तास बातम्या बघतात, संध्याकाळी मॅच, रात्री दिवे बंद करून सिनेमा. सध्या साधा सेट-टॉप बॉक्स आणि डीव्हीडी प्लेअर आहे, एचडी पुढे-मागे घेऊ.

प्रश्न: कोणता घ्यावा? फुल एचडी लागेल का? प्लाझ्मातला गॅस काही वर्षांनी संपतो हे खरं का? विजेचा फरक किती? स्टॅबिलायझर लागतो का?

क्षितिजरेषा:
चौकट, सगळ्यात आधी खिडकीचं बघा. प्लाझ्माचा पुढचा भाग सपाट काचेचा असतो. समोर खिडकी असली की ती जशीच्या तशी पडद्यात दिसते, आणि प्रसंग अंधारा असेल तर चित्रापेक्षा खिडकीच ठळक दिसते. एलसीडीवर बहुधा मॅट फिल्म असते. तीही उजेड परत फेकते, पण पसरवून, त्यामुळे प्रतिबिंबाची कडा डोळ्यांत खुपत नाही. मात्र काही एलसीडी आता चकचकीत पडद्याचे येऊ लागलेत, ते घेतले तर हा फायदा गेला. दुकानात बंद टीव्हीसमोर उभं राहून बघा: स्वतःचा चेहरा स्पष्ट दिसला तर पडदा चकचकीत आहे.

दुसरं, दुकानातल्या उजेडात प्लाझ्मा फिका का वाटतो ते समजून घ्या. प्लाझ्मात प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो. पडद्याचा मोठा भाग पांढरा झाला की वीज आणि उष्णता मर्यादेत ठेवण्यासाठी टीव्ही आपणहून तेज उतरवतो. एलसीडीत मागचे दिवे कायम चालू असतात, त्यामुळे पूर्ण पांढऱ्या पडद्यावरही तेज टिकतं. त्यात दुकानदार सगळे टीव्ही ‘डायनॅमिक’ किंवा ‘व्हिव्हिड’वर ठेवतात. त्या तुलनेवरून घरातल्या चित्राबद्दल काहीच कळत नाही.

फुल एचडीचं गणित सोपं आहे. चांगली नजर साधारण एका कलेएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखते. ४२ इंची पडदा ९३ सेंटीमीटर रुंद आणि ५२ सेंटीमीटर उंच असतो. फुल एचडीच्या १०८० ओळींच्या पडद्यावर एक ठिपका साधारण अर्धा मिलिमीटर भरतो आणि तो १.७ मीटरच्या पुढे वेगळा दिसत नाही. साध्या एचडी टीव्हीच्या ७६८ ओळींसाठी हेच अंतर २.३ मीटर. तुम्ही ३ मीटरवर बसता, म्हणजे टीव्ही बघण्यापुरता ४२ इंचात फुल एचडीचा उपयोग जवळपास शून्य. टीव्हीला संगणक जोडून अक्षरं वाचायची असतील तरच विचार करा.

साध्या सेट-टॉप बॉक्सच्या ५७६ ओळींची हद्द ३.१ मीटरवर येते, म्हणून ४२ हा आकार तुमच्या अंतराला अगदी बरोबर आहे. मोहात पडून ५० इंची घेऊ नका. त्यावर ही हद्द ३.७ मीटरवर जाते आणि प्रक्षेपणातले चौकोनी ठोकळे सोफ्यावरून जास्त ठळक दिसतील.

अंधारखोली:
वरचं पटलं, पण रात्रीच्या सिनेमाला आणि मॅचला प्लाझ्माची सर एलसीडीला नाही, हेही त्यांना कळायला हवं.

एलसीडी दिव्यांचा उजेड अडवून काळा रंग दाखवतो आणि तो पूर्ण अडत नाही. दिवे घालवले की काळ्याचा राखाडी होतो, सिनेमाच्या वरखालच्या पट्ट्याही उजळलेल्या दिसतात. प्लाझ्माची पेशी जवळजवळ विझते. हालचालीचंही तसंच. एलसीडी एक चित्र पुढचं येईपर्यंत तसंच धरून ठेवतो, आपली नजर मात्र चेंडूबरोबर सरकत राहते, म्हणून चेंडूला शेपूट दिसतं. १०० हर्ट्झवाले, म्हणजे सेकंदाला १०० चित्रं दाखवणारे, एलसीडी दोन चित्रांच्या मधली जास्तीची चित्रं स्वतः तयार करून ते कमी करतात. त्याने मॅच सुधारते, पण सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसायला लागतो, आणि वेगवान वस्तूच्या कडेला चित्र फाटल्यासारखं होतं. सिनेमाच्या वेळी ती सोय बंद करावी लागते.

प्लाझ्मावर लिहिलेल्या ‘६०० हर्ट्झ’ची तुलना मात्र त्या १०० शी करू नका. प्लाझ्माची पेशी फक्त पेटते किंवा विझते. रंगाच्या छटा दाखवायला एका चित्राचे अनेक उपभाग करून ती कमी-जास्त वेळा पेटवतात. ५० चित्रं गुणिले १२ उपभाग, किंवा ६० गुणिले १०, असे ते ६०० होतात.

४२ इंची प्लाझ्मात १०२४ बाय ७६८ ठिपके असतील तर तो ठिपका आडवा, लांबट असतो. रुंदी ०.९ मिलिमीटर, म्हणजे आडव्या तपशिलाची हद्द ३.१ मीटर. तुमच्या ३ मीटरवरून चालेल, पण त्याहून जवळ बसू नका.

सोल्डरगन:
गॅस, वीज आणि दुरुस्तीचं सांगतो.

गॅस संपत नाही. निऑन आणि झेनॉनचं मिश्रण दोन काचांमध्ये कायमचं बंद असतं, ते भरता येत नाही आणि भरावंही लागत नाही. कोणी ‘गॅस भरून देतो’ म्हणालं तर त्याच्याकडे टीव्ही देऊ नका. झिजतो तो आतला फॉस्फर, म्हणजे उजेड देणारा लेप. कंपन्या तेज निम्म्यावर यायला ६०,००० ते १,००,००० तास सांगतात. रोज ७ तास धरले तर ६०,००० तास म्हणजे २३ वर्षं. त्याच्या कितीतरी आधी पॉवर सप्लायचे कपॅसिटर फुगतील.

वीज: प्लाझ्माचा वापर चित्रागणिक बदलतो. अंधाऱ्या सिनेमात कमी, पांढऱ्याशुभ्र बातम्यांच्या स्टुडिओत भरपूर. तुमच्याकडे दिवसभर बातम्या, म्हणजे प्लाझ्मा महागात पडणारा वापर. ट्यूबच्या दिव्यांच्या एलसीडीचा वापर जवळपास स्थिर असतो आणि बॅकलाइट (मागचे दिवे) खाली घेतला की लगेच उतरतो. सरासरी फरक ८० वॅट धरला तर ७ तासांत अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त, महिन्याला साधारण १७ युनिट. मागे लिहिलेले वॅट कमाल असतात, त्यांवरून हिशोब करू नका.

स्टॅबिलायझर: टीव्हीच्या मागच्या पट्टीवर १००–२४० व्होल्ट असं लिहिलं असेल तर त्या मर्यादेतले चढउतार त्याचा पॉवर सप्लाय स्वतः सांभाळतो. रिलेवाला स्टॅबिलायझर मध्ये घालून उगाच खटके देऊ नका. विजेच्या लाटेपासून वाचवणारा चांगला सर्ज प्रोटेक्टर आणि नीट अर्थिंग मात्र हवंच. केबलची किंवा डिशची वायरही त्यातूनच घ्या, बरेच इनपुट बोर्ड त्या वायरीतून आलेल्या झटक्याने जळतात.

काय बिघडतं: एलसीडीत बॅकलाइटची ट्यूब किंवा तिला वीज पुरवणारा आतला इन्व्हर्टर. लक्षण असं की दोन सेकंद चित्र येतं, मग पडदा काळा, आवाज चालू. अंधारात तिरक्या टॉर्चने पडद्यावर पुसट चित्र दिसलं तर पॅनेल शाबूत आहे आणि दुरुस्ती होईल. प्लाझ्मात पेशी पेटवणारे सस्टेन बोर्ड जातात, तेही बदलता येतात. काच तडकली तर दोन्हींचा खेळ संपला. म्हणून प्लाझ्मा आडवा झोपवून कधीही नेऊ नका, खोक्यासकट उभाच न्या.

क्षितिजरेषा:
बातम्यांचा मुद्दा विजेपेक्षा मोठा आहे. खालची धावती पट्टी आणि कोपऱ्यातला वाहिनीचा लोगो रोज सहा तास त्याच जागी. प्लाझ्मात तिथला फॉस्फर बाकीच्यापेक्षा लवकर झिजतो. आधी नुसती रेंगाळणारी सावली दिसते, ती वेगळं काही बघितल्यावर जाते. पण रोज तेच चाललं तर कायमचा डाग पडतो, आणि त्याला उपाय नाही.

चौकट:
सगळ्यांचे खूप आभार. टीव्ही बाजूच्या भिंतीवर नेता येईल, मग खिडकी समोर न येता कडेला येते. अंतर आणि सोफ्याची आखूड बाजू तशीच राहील. मग प्लाझ्मा सांभाळता येईल का?

अंधारखोली:
भिंत बदलाच, कुठलाही टीव्ही घेतलात तरी. प्लाझ्मा सांभाळायचा तर पहिले २०० तास कॉन्ट्रास्ट निम्म्याच्या खाली, ‘डायनॅमिक’ला हात नाही, ठिपके सरकवणारी ‘पिक्सेल ऑर्बिटर’ची सोय कायम चालू, आणि जुन्या, कमी रुंदीचं ४:३ चित्र काळ्या कडांसह न बघता पडदाभर करून. पण हे आईबाबांनी दिवसभर पाळायचं आहे, आणि टीव्ही बघताना कोणाला धाक वाटू नये. बातम्यांसाठी जुना टीव्ही आतल्या खोलीत ठेवणार असाल तर प्लाझ्मा बिनधास्त घ्या. एकच टीव्ही असेल तर तुमच्या घराला एलसीडी. मी प्लाझ्माच्या बाजूचा असूनही हेच सांगेन.

क्षितिजरेषा:
सहमत. पण कुठलाही एलसीडी नको, आयपीएस पॅनेलचाच. आयपीएस आणि व्हीए हे एलसीडी पडद्याचे दोन प्रकार. तुमची आखूड बाजू पडद्याच्या मध्यापासून ५३ अंशांवर येते. व्हीए पॅनेल तिथून फिकं पडतं, चेहरे पांढुरके दिसतात. आयपीएसचे रंग टिकतात. त्याचा काळा व्हीएपेक्षा थोडा उजळ असतो, तेवढं सोसा. एकाच मॉडेलमध्ये दोन प्रकारची पॅनेल निघतात, त्यामुळे माहितीपत्रकावर भिस्त ठेवू नका. चेहऱ्याचं चित्र थांबवून दीड मीटर पुढे, दोन मीटर बाजूला उभं राहा, निकाल लगेच कळेल.

दुकानात ‘सिनेमा’ किंवा ‘स्टँडर्ड’ मोड लावायला सांगा आणि साध्या सेट-टॉप बॉक्सची वाहिनी बघा. डेमोची डिस्क सगळ्याच टीव्हींवर सुंदर दिसते.

चौकट:
ठरलं, आयपीएस एलसीडी आणि बाजूची भिंत. घरी आल्यावर काय तपासू?

सोल्डरगन:
खोकं उघडल्यावर तासभर चालवा. डीव्हीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर पूर्ण लाल, हिरवं, निळं, पांढरं आणि काळं अशी पाच चित्रं न्या. पहिल्या चारांत विझलेले ठिपके शोधा. काळं चित्र खोलीत अंधार करून बघा, चारी कोपऱ्यांतून उजेड गळतोय का ते कळेल. किंचित असतोच, एका कोपऱ्यात ठळक डाग असेल तर बदलून मागा. ही तपासणी स्टँडवरच करा, भिंतीला नंतर लावा.

भिंतीला लावताना पडद्याचा मध्य जमिनीपासून १०० ते ११० सेंटीमीटरवर ठेवा, सोफ्यावर बसल्यावर डोळे तिथेच येतात. वर आणि बाजूंना १० सेंटीमीटर हवा राहू द्या. ब्रॅकेटच्या भोकांमधलं अंतर आणि बोल्टची जाडी पुस्तिकेतून बघूनच ब्रॅकेट घ्या. बोल्ट लांब झाला तर तो आतल्या बोर्डापर्यंत पोचतो. आणि बॅकलाइट कंपनीने पूर्ण वर ठेवलेला असेल, तो रात्रीसाठी निम्म्याच्या आसपास आणा.